साहस आधी पीडीएफमध्ये काढावं की छापील? आणि दोन्हींची किंमत काय ठेवावी?

हळदगाव (सांगली)

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण विश्रामबागेत दर रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं टेबल मांडतो. एक जण गोष्ट खेळवतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन फासे टाकत खेळतात. चार वर्षं झाली, परीक्षा आणि लग्नं सोडली तर खंड नाही. गेल्या वर्षभरात आम्ही स्वतःचं एक साहस, म्हणजे टेबलावर खेळवायची तयार गोष्ट, लिहिलं, पूर्ण मराठीत. नाव ठेवलंय 'पेव'. सांगलीजवळच्या हरिपूरची, हळद साठवायची जमिनीखालची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना लगेच चित्र दिसेल. वर जेमतेम माणूस उतरेल एवढं तोंड, खाली अख्खी खोली. पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, कोंदलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागते. आमचा पहिला प्रसंग त्यावरच उभा आहे. जो खेळाडू थांबतो त्याला काही होत नाही, जो घाई करतो त्याला कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे पात्राच्या काटकपणाचा, फासा टाकावा लागतो. २००५च्या पुरात बरीचशी पेवं निकामी झाली, ती गोष्टही कथानकात आहे.

४८ पानं, दोन नकाशे, खेळाडूंच्या हातात द्यायची चार हँडआउट. पहिल्या ते तिसऱ्या लेव्हलचे चार-पाच खेळाडू, तीन सेशनमध्ये संपतं. आमच्या टेबलावर दोनदा खेळून झालंय.

आता अडलंय ते विक्रीपाशी. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, पीडीएफ आत्ता काढू, छापील जमेल तेव्हा. दोघांचं म्हणणं, छापील हातात आल्याशिवाय काहीच काढायचं नाही. पाचवा मी.

मी का अडखळतोय ते सांगतो. मागे एक मोठं परदेशी साहस घेतलं होतं. डिजिटल प्रत आधी उपलब्ध झाली. थांबवेना, म्हणून पैसे भरून घेतली. छापीलही हवी होती, तिचे पूर्ण पैसे वेगळे. ते पुस्तक कस्टममधून सुटून सांगलीत पोचलं तेव्हा आमचं टेबल शेवटच्या प्रकरणात होतं. एकाच गोष्टीला दोनदा पैसे दिले आणि छापील प्रतीतून एक संध्याकाळसुद्धा खेळ झाला नाही. पुस्तक सुंदर आहे, कपाटात आहे. पण आमच्या गिऱ्हाइकावर ही वेळ मला आणायची नाही.

तर सांगा. आधी काय काढावं, किती अंतराने काढावं आणि किंमत किती?

अदालतवाडा (सातारा)

सर्वात आधी अभिनंदन. मराठीत साहस म्हटल्यावर माझं टेबल पहिल्या दिवशी घेणार, हे धरून चाला.

माझं मत एकदम पक्कं आहे: दोन्ही एकाच दिवशी. कारण पैशाचं नाही, गुपिताचं आहे. नियमांचं पुस्तक आधी कुणाच्या हातात पडलं तर बिघडत नाही, उलट खेळाडू तयार होऊन येतात. साहसाचं तसं नाही. पेवात खाली काय आहे हे एकदा कळलं की ते साहस त्या खेळाडूपुरतं संपलं. पीडीएफ आधी आली की ती ग्रुपवर फिरणार. छापील पुस्तकाची वाट बघणारा डीएम, म्हणजे खेळवणारा, महिनाभराने टेबल मांडेल तेव्हा समोरच्या चौघांपैकी एकाने ते वाचलेलं असेल. नुकसान वाट बघणाऱ्याचं होतं आणि त्याची काही चूक नसते.

दुसरी गोष्ट किमतीची. साहस फक्त डीएम घेतो. नियमांचं पुस्तक टेबलावरचे पाचही जण घेऊ शकतात, साहसाचं गिऱ्हाईक पाचात एकच. त्यामुळे प्रती कमीच खपणार हे धरूनच हिशोब मांडा.

खिळेजुळारी (मिरज)

माझा छपाईचा व्यवसाय आहे, खेळाची ओळख मुलीमुळे झाली. छपाईपुरतं सांगतो.

४८ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे बरोबर तीन फर्मे. हे चांगलं केलंत, पन्नास-बावन्न पानं केली असती तर कागद वाया गेला असता. ए-फाइव्ह आकार, आत ८० जीएसएम मॅपलिथो कागद एकरंगी, वर ३०० जीएसएम आर्ट कार्ड चाररंगी, मधोमध पिना. असं धरलं तर ऑफसेटवर ५०० प्रतींना माझ्याकडे साधारण ४२ रुपये प्रत पडेल. नकाशाचा ए-थ्री रंगीत कागद घडी घालून आत ठेवायचा तर आणखी ९. तेच १०० प्रती डिजिटल मशीनवर काढल्या तर ९५ आणि नकाशाचे २०.

म्हणजे ५०० प्रतींना एकूण २५,५००, आणि १०० प्रतींना ११,५००. एका प्रतीमागे ५१ विरुद्ध ११५. ऑफसेटला प्लेट बनवायचा आणि मशीन लावायचा खर्च पहिल्या प्रतीलाच होतो, मग तुम्ही १०० काढा नाहीतर १०००. डिजिटलला तो खर्च नाही, पण प्रत्येक प्रत महाग.

पण माझा सल्ला ऐका. ५१ रुपयांच्या मोहात पडू नका. ५०० पुस्तकांचे गठ्ठे घरात ठेवून बसलेले कवी मी खूप पाहिलेत. आधी शंभर काढा.

वेळेचंही सांगतो. गणपती उठले की दिवाळी अंक आणि कॅलेंडरांची गर्दी सुरू होते. तेव्हा तुमचं ४८ पानांचं काम आठ-आठ दिवस मागे ढकललं जाईल, माझ्याकडेच काय, कुठेही. आणि आषाढातल्या ऐन पावसात कागद दमट हवेने वाकतो, शाई वाळायला वेळ लागतो. एक तर श्रावणात मजकूर हातात द्या, नाहीतर सरळ दिवाळीनंतर या.

तळमजला_४ (सांगली)

मी इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. आमचं टेबल रात्री मेस संपल्यावर बसतं. सरळ सांगतो, पीडीएफ १०० रुपयांच्या वर ठेवली तर आमच्याकडे कुणी घेणार नाही. छपाई नाही, कागद नाही, कुरिअर नाही, मग पैसे कशाचे? परदेशी कंपन्यांच्या डिजिटल किमती बघून तर इच्छाच मरते. नियमांचं नवीन पुस्तक, प्लेअर्स हँडबुक, डिजिटलला २९.९९ डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर, आणि हातात काय, तर एक लॉगिन.

छापील कधीही काढा, आम्हाला फरक पडत नाही. आमच्याकडे सगळं फोनवर चालतं.

मोडीवाचक (मूळ सातारा, सध्या पुणे)

वीसेक वर्षं या छंदात आहे, म्हणून मागचं थोडं लिहितो. पीडीएफ आणि छापील प्रतीचं हे भांडण जुनं आहे आणि प्रत्येकाने त्यावर वेगळा तोडगा काढलाय.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं. पुढे १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने मूळ कंपनी टीएसआर विकत घेतली. पीडीएफची विक्री २०००च्या दशकात चांगली रुळली होती. एप्रिल २००९ मध्ये विझर्ड्सने फुकट वाटपाच्या भीतीने सगळ्या पीडीएफ विक्रीतून एका झटक्यात काढून घेतल्या. फुकट वाटप त्याने थांबलं नाही, फक्त पैसे देऊन घेणाऱ्याला रस्ता उरला नाही. २०१३ साली जुनी पुस्तकं परत पीडीएफमध्ये आणावी लागली. अदालतवाडा, तुमची गुपिताची काळजी मला पटते, पण पीडीएफ अडवून गुपित राहत नाही हे तेव्हाच दिसलं.

पीडीएफ काढून घेतल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, काही लहान प्रकाशक आणि दुकानदारांनी मिळून बिट्स अँड मॉर्टर नावाची योजना सुरू केली. दुकानातून छापील पुस्तक घेतलं की पीडीएफ फुकट. दुकान जगतं, गिऱ्हाईक दोनदा पैसे देत नाही. पायझो कंपनीने वर्गणीदारांना वर्षानुवर्षं असंच दिलं: छापील पार्सल निघालं की त्याच दिवशी पीडीएफ खात्यात. पुस्तक इकडे समुद्रावर असलं तरी तुम्ही वाचायला लागलेले असता. त्यांच्या पीडीएफच्या पानांवर घेणाऱ्याचं नाव उमटलेलं असतं. केऑसियमचं, म्हणजे 'कॉल ऑफ क्थुलू' हा खेळ काढणाऱ्यांचं, गणित उलट्या बाजूने. पीडीएफ आधी घ्या, छापील आली की पीडीएफचे पैसे तिच्या किमतीतून वजा.

आणि आताची मोठी पद्धत. २०२४चं प्लेअर्स हँडबुक छापील ४९.९९ डॉलर, डिजिटल २९.९९. सर्वांसाठी १७ सप्टेंबर, पण डी अँड डी बियाँडच्या, म्हणजे विझर्ड्सच्या ऑनलाइन सेवेच्या, वरच्या वर्गणीदारांना डिजिटल ३ सप्टेंबरलाच, खालच्यांना १० तारखेला. म्हणजे लवकर मिळणं हीच विकायची वस्तू झाली. हे मला मनापासून खटकतं. मजकूर तयार असतो, गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि जास्त पैसे देणाऱ्याला आधी आत सोडायचं.

वर ती प्रत फाइल म्हणून तुमच्याकडे येत नाही, त्यांच्या खात्यात राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू कॅरेक्टर शीटवर नव्या आवृत्तीने बदलल्या जातील. लोक इतके चिडले की काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. पैसे देऊन घेतलेलं पान असं परस्पर बदलू शकतं, तर त्याची किंमत छापील पानाच्या साठ टक्के कशी, हा माझा प्रश्न आहे.

हळदगाव, तुम्ही साधी पीडीएफ द्या. कुलूप नको, लॉगिन नको.

हळदगाव (सांगली)

मोडीवाचक, फार उपयोगी लिहिलंत. नियमांबद्दल एक विचारतो. आम्ही पाचव्या आवृत्तीचे नियम वापरलेत. विकायला अडचण नाही ना?

मोडीवाचक (मूळ सातारा, सध्या पुणे)

नाही, पण मर्यादा पाळा. जानेवारी २०२३ मध्ये विझर्ड्सने इतरांना नियम वापरू देण्याचा परवाना बदलायला घेतला, त्यावरून जो गदारोळ झाला त्याच्या शेवटी, २७ तारखेला, एसआरडी ५.१, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला झाला. २०२५ मध्ये ५.२ सुद्धा. त्यात जेवढे नियम आणि राक्षस आहेत तेवढे वापरा, श्रेयाची ओळ त्यांनी दिली आहे तशीच छापा. त्यांची जगं, त्यांचे नावाजलेले देव, खलनायक घेऊ नका. हरिपूरचं पेव तुमचंच आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

अदालतवाडा (सातारा)

तळमजला_४, 'पैसे कशाचे' याचं उत्तर मला द्यायचंय. मी शाळेत शिकवते आणि रात्री साहसं लिहिते, विकत नाही, पण श्रम माहीत आहेत. तीन सेशनच्या साहसाला एका माणसाचे सहज तीन-चार महिने जातात. खेळून बघायचं, तुटलेलं दुरुस्त करायचं, नकाशावरच्या खोलीचा क्रमांक आणि मजकुरातला क्रमांक जुळवायचा. कागद हा त्यातला शेवटचा खर्च. पीडीएफमध्ये फक्त तेवढाच वाचतो.

आणि १०० रुपये एकट्याने कुठे द्यायचेत? पाच जणांनी वाटून घ्या, प्रत्येकी वीस. तीन रात्रींचा खेळ आहे.

गावभाग_माडी (सांगली)

उशिरा येतेय, पण मला लिहायलाच हवं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आमचं घर पाण्यात होतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७च्या वर गेलं होतं. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी विश्रामबागेत मावशीकडे गेलो. आठवड्याने परत आलो तर खालच्या मजल्यावर गाळ. माझं पुस्तकांचं कपाट खालीच होतं. परदेशातून मागवलेली तीन जाड पुस्तकं होती, गुळगुळीत कागदाची. ती पानं एकमेकांना अशी चिकटली होती की वीट उचलावी तसं पुस्तक उचलून बाहेर ठेवलं. त्यातलं एक मला नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला दिलं होतं.

तेव्हा वाटलं की आता सगळं डिजिटल. पाण्याला पोचता येणार नाही असं कपाट.

पण तो आठवडा आठवा. वीज येत-जात होती. फोन चार्ज करायला नंबर लागायचे, आणि चार्ज झालेला फोन नातेवाइकांना 'आम्ही सुखरूप आहोत' सांगण्यासाठी राखून ठेवायचा. नेटवर्क असून नसल्यासारखं. एका साहसाची डिजिटल प्रत माझ्या खात्यात होती, ती उघडता आली नाही. घर सोडताना फाशांची पिशवी उचलली होती, त्यात झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली स्पायरलची एक जुनी प्रत सापडली. कुठल्याशा फुकट साहसाची, वीस पानी, काळी-पांढरी. मावशीच्या माडीवर आम्ही तीन कुटुंबं होतो, सात पोरं. सलग चार रात्री कंदिलावर मी ते साहस खेळवलं. धाकट्या भाच्याने बोकड राखणारा योद्धा केला होता. पाण्याची बातमी आली की मोठी माणसं खाली जायची, पोरं वर थांबून दार कसं उघडायचं यावर भांडायची.

म्हणून सांगते, माझ्यासाठी आधी-नंतर, डिजिटल-छापील हा प्रश्न नाही. घेतलेली वस्तू मला स्वतः छापता आली पाहिजे. पीडीएफबरोबर एक वेगळी काळी-पांढरी फाइल द्या. मागे जुन्या कागदाचा पिवळा रंग नको, कडेची नक्षी नको. ती नक्षी झेरॉक्सवर काळे डाग होऊन येते आणि अक्षर वाचता येत नाही. आमच्या कोपऱ्यावर एका बाजूला दोन रुपये घेतात, ४८ पानांचे ९६ आणि स्पायरलचे वेगळे. ज्याला तुमची छापील प्रत परवडेल तो ती घेईलच. बाकीच्यांनी कोपऱ्यावर काढून घ्यावी, तुम्ही मनाई लिहू नका.

खिळेजुळारी (मिरज)

ताई, तुमचं वाचून थांबलो. आमच्या प्रेसमध्येही त्या वर्षी कागद गेला होता.

काळी-पांढरी फाइल देण्याला माझा, छपाईवाल्याचा, पूर्ण पाठिंबा.

पानसुपारी (कराड)

दुकानदाराच्या बाजूने लिहितो. माझं छोटं पुस्तकांचं दुकान आहे, गेल्या दोन वर्षांत फासे आणि बोर्डगेमही ठेवतो. मी ३५ टक्के कमिशनवर माल घेतो, त्यात भाडं, वीज, न खपलेल्या प्रती परत पाठवणं सगळं आलं. तुम्ही पीडीएफ महिनाभर आधी विकलीत तर ज्यांना खरोखर हवं होतं ते सगळे घेऊन मोकळे होतील. माझ्याकडे पुस्तक येईल तेव्हा ते शिळं असेल. दुकानात पुस्तक पहिल्या दिवशी जेवढं विचारलं जातं तेवढं पुन्हा कधीच विचारलं जात नाही.

वर मोडीवाचकांनी लिहिलेली दुकानातून पीडीएफ देण्याची रीत मला एकदम मान्य आहे. पुस्तकाच्या आत कोडची चिठ्ठी ठेवा, गिऱ्हाइकाला मीच दाखवीन.

कराबद्दलही एक. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ई-पुस्तकाला २०१८ पासून ५ टक्के, पण त्याची छापील आवृत्ती असेल तरच, नाहीतर १८. छापील काढणार असाल तर आपल्या कर सल्लागाराला हे नक्की दाखवा. बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर २०१९च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क बसलं. ती पुस्तकं इथे महाग वाटण्याचं तेही एक कारण, पण मोठा भाग डॉलर आणि वाहतुकीचाच.

तळमजला_४ (सांगली)

अदालतवाडा मॅडम, वाटून घ्यायचं पटलं. माझं 'पैसे कशाचे' मागे घेतो. पण फोनबद्दल ऐका. ए-फोर पानावर दोन रकाने केलेली पीडीएफ फोनवर वाचणं म्हणजे छळ आहे. डावीकडे सरकवा, खाली जा, परत वर या, तोपर्यंत राक्षसाची पाळी निघून जाते. फोनसाठी एका रकान्याची वेगळी प्रत द्या.

आणि शोध चालला पाहिजे. आपल्याकडचे डीटीपीवाले अजून जुन्या फाँटमध्ये टाइप करतात, पीडीएफमध्ये दिसायला मराठी, पण 'पेव' शोधलं तर काहीच सापडत नाही, कॉपी केलं तर भलतीच अक्षरं. युनिकोडमध्ये करा. डिजिटल प्रतीचा खरा फायदा शोधण्यातच आहे. तो नसेल तर मी कोपऱ्यावरची झेरॉक्सच घेईन.

हळदगाव (सांगली)

युनिकोडचं बरं झालं सांगितलंस. आमची अर्धी फाइल जुन्या फाँटमध्ये आहे, आजच ती बदलायला घेतो.

अदालतवाडा (सातारा)

नकाशाचं राहिलं होतं. माझ्या टेबलावरचे दोघे नोकरीसाठी हिंजवडीला गेले, तेव्हापासून आम्ही निम्मे पोवई नाक्याजवळ माझ्या घरी आणि निम्मे स्क्रीनवर असतो. फाउंड्री वापरतो, म्हणजे स्क्रीनवर टेबल मांडायचं सॉफ्टवेअर. ते २०२० साली आलं, एकदा पैसे भरले की झालं, आणि परवाना फक्त खेळवणाऱ्याला लागतो. अशा टेबलाला दोन नकाशे लागतात. एक डीएमचा, क्रमांक आणि चोरदारं दाखवणारा. दुसरा खेळाडूंचा, कोरा. पुष्कळ लोक पहिलाच देतात आणि मग मला रात्री बसून चोरदारं खोडावी लागतात. दोन्ही द्या, भिंती आणि उजेड मी लावून घेईन. भिंती-उजेड लावून तयार मोड्यूल देणार असाल तर त्याचे जादा पैसे घ्या, ते वेगळं काम आहे.

एकाच दिवशी काढा या माझ्या म्हणण्यात थोडा बदल करते. खिळेजुळारी म्हणतात तसं शंभरच प्रती काढायच्या तर त्या बिनचूक हव्यात. तुम्ही दोनदा खेळलात, पण खेळवणारे लिहिणारेच होते. कागदावर जे नाही ते तुमच्या डोक्यात असतं. परक्या डीएमने खेळवल्याशिवाय छापू नका. मी पुढच्या शनिवारी खेळवते.

मोडीवाचक (मूळ सातारा, सध्या पुणे)

याला मी दुजोरा देतो. बाहेर किकस्टार्टरवाले, म्हणजे त्या संकेतस्थळावर लोकांकडून आधी पैसे जमवून पुस्तक काढणारे, बहुतेक हेच करतात. पैसे देणाऱ्यांना आधी पीडीएफ पाठवतात, लोक चुका कळवतात, त्या दुरुस्त होऊन मग पुस्तक छापायला जातं. त्या दोन-तीन महिन्यांना मी उशीर म्हणत नाही, ते मुद्रितशोधन असतं, आणि लवकर मिळण्याचे कुणी वेगळे पैसे लावत नाही.

भारतात राहून किकस्टार्टरवर प्रकल्प उभा करता येत नाही. पण आपल्याला त्याची गरजही नाही. प्रकाशनपूर्व सवलत ही मराठी प्रकाशकांची जुनी रीत आहे. आपल्या वडिलांनी कोश आणि ग्रंथांचे संच असेच घेतले. आधी पैसे भरा, कमी भावात घ्या, छापून झालं की घरपोच. त्यात फक्त एक भर घाला: पैसे भरले त्याच दिवशी पीडीएफ.

हळदगाव (सांगली)

आधी पैसे घ्यायला मन धजत नाही. प्रेसमध्ये अडकलं, पूर आला, आमच्यापैकी कुणी आजारी पडलं तर लोकांना काय तोंड दाखवायचं? सांगलीत सगळे ओळखीचे आहेत.

गावभाग_माडी (सांगली)

म्हणून तर लिहून पूर्ण झाल्यावरच घ्यायचे. तुमचं लिहून झालंय. पैसे भरणाऱ्याला पूर्ण साहस त्याच दिवशी मिळतंय, उरतो फक्त कागद. तारीख सांगताना महिना जास्तीचा सांगा.

हळदगाव (सांगली)

चार दिवस सगळ्यांशी बोलून हिशोब मांडला. इथेच ठेवतो, चूक दिसली तर सांगा.

चित्रं १२,०००, मांडणी ६,०००, मुद्रितशोधन ३,०००. एकूण २१,०००, कागद न धरता. आमच्या लिहिण्याचे पैसे यात नाहीत, पहिल्या पुस्तकाला आम्ही ते धरणार नाही असं ठरलंय. पीडीएफ आणि छापील मिळून २०० प्रती गेल्या असं धरलं तर प्रत्येक प्रतीवर या खर्चाचे १०५ रुपये बसतात. त्यामुळे तळमजला_४, पीडीएफ १०० च्या खाली येत नाही रे. १२० ठेवतोय. पण पहिल्या पानावर लिहू की एक प्रत एका टेबलासाठी आहे, पाचांनी वाटून घ्या, म्हणजे प्रत्येकी २४.

छापील प्रतीला ११५ छपाईचे आणि तेच १०५, झाले २२०. किंमत ३००, पीडीएफ त्यात आलीच. दुकानाला ३५ टक्के दिले की हातात १९५ येतात, म्हणजे दुकानातल्या प्रतीत आम्हाला २५ रुपये कमी पडतात. चालेल. कराडच्या दुकानात मराठी साहस मांडलेलं दिसणं याला आमच्या लेखी २५ रुपयांहून जास्त मोल आहे. थेट आमच्याकडून घेतलं तर ८० उरतात, त्यात ते भरून निघेल. प्रकाशनपूर्व २५०. ज्याने आधी १२० ची पीडीएफ घेतली त्याला छापील घेताना १२० वजा. माझ्यासारखं कुणाला दोनदा भरावं लागणार नाही.

पानसुपारी, तुमचा पहिल्या दिवसाचा मुद्दा आमच्यात सगळ्यात जास्त चर्चिला गेला. शेवटी असं ठरलं: प्रकाशनपूर्व नोंदणी तुमच्या दुकानातही उघडायची. तिथे नोंदवलं तर तुमचं कमिशन तेच, आणि पीडीएफचा कोड तुमच्याच हातून. म्हणजे पहिला दिवस तुमचाही.

क्रम असा. अदालतवाडांचं टेबल पुढच्या शनिवारी, त्यानंतर आणखी दोन टेबलं शोधतोय, एखादं मिरजेत मिळालं तर बरं. त्यातल्या चुका काढून पीडीएफ आणि नोंदणी एकाच दिवशी. पाच आठवडे वाचकांच्या दुरुस्त्या घ्यायच्या, मग खिळेजुळारींकडे शंभर प्रती, गणपतीच्या आधी. दुरुस्त पीडीएफ आधीच्या सगळ्यांना फुकट. फाइली चार: मोठी प्रत, फोनची एका रकान्याची, काळी-पांढरी छापायची आणि नकाशे दोन्ही प्रकारचे.

पानसुपारी (कराड)

मला मंजूर. दहा प्रती धरा. नोंदणीची वही आजच करतो.

तळमजला_४ (सांगली)

२४ रुपये जमतात. आमच्या मजल्यावर तीन टेबलं आहेत, प्रत्येकाला वेगळी प्रत घ्यायला लावतो. आणि चाचणीला तिसरं टेबल हवं असेल तर आम्ही आहोत, फक्त रात्री दहानंतर.

अदालतवाडा (सातारा)

शनिवारी खेळवलं. चार तास. तीन गोष्टी लगेच कळवते. खोली ७ नकाशावर आहे, मजकुरात नाही. पेवाची हवा बाहेर जायला किती वेळ थांबायचं हे कुठेच लिहिलेलं नाही, माझ्या खेळाडूंनी विचारलं आणि मी अंदाजाने एक तास सांगितला. आणि म्हाताऱ्या हमालाचं नाव पान ९ वर एक आहे, पान ३१ वर दुसरं. बाकी सविस्तर मेल करते.

पेवाच्या तळाशी पोचल्यावर माझी विद्यार्थिनी खुर्चीवरून उठून उभी राहिली. तो प्रसंग बदलू नका.

हळदगाव (सांगली)

खोली ७ आम्ही दुसऱ्या मसुद्यात काढली होती, नकाशावर राहून गेली. एक तास बरोबर आहे, तोच लिहितो. हमालाचं नाव पान ९ वरचं ठेवतोय.

तळमजला_४, मंगळवारी रात्री दहाला येतो. फासे घेऊन येऊ का, की आहेत?

तळमजला_४ (सांगली)

वीस पैलूंचे दोन कमी आहेत. घेऊन या.